खाऱ्या मातीची चोरी

वैशाखात कुणी घराच्या सपाट धाब्यावर माती टाकताना दिसलं, की ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी जळगाव तालुक्यात फौजदार होतो. खुनाचे, दरोड्यांचे तपास मी पुढे पुष्कळ केले. पण मन रमतं ते या मातीच्या चोरीत.

त्या काळी सातपुड्याच्या पायथ्याकडून मजुरीला आलेली कुटुंबं कापसाच्या जिनांमध्ये राबत आणि मालधक्क्याजवळच्या चिंचांखाली संसार मांडत. शहरातल्या काही वकील-व्यापाऱ्यांनी त्यांच्यासाठी समिती काढली. एका सावकाराने शहराबाहेरची पडीक जमीन दिली, पण अट घातली: वस्तीवर चोरीचा एक जरी गुन्हा शाबीत झाला, तर जमीन परत. समितीने छतासाठी लाकडी बल्ल्या दिल्या, भिंती लोकांनी आपल्या हातांनी उभ्या केल्या. मंडळी एकच गोष्ट विसरली. आमच्या खानदेशात धाब्याच्या घरावर दरसाल खारी माती टाकावी लागते, नाहीतर पहिल्या सरीलाच छत गळतं. समितीतले सगळे कौलांखाली राहणारे. त्यांना माती कुठून आठवणार?

अशी माती जवळपास एकाच टेकाडाला होती. टेकाड शेजारच्या गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचं. गाव त्यांना नाना म्हणे. वस्ती शिवेला आली म्हणून नाना आधीच चिडलेले. एके दिवशी ते ठाण्यात येऊन गरजले, "टेकाड पोखरलं माझं! त्या वस्तीवाल्यांना आत टाका!"

पंचनाम्याला गेलो. माती खालून, बेताने उकरलेली होती, आणि उकरलेल्या जागी हळद-कुंकू वाहिलेलं. आमचे हवालदार हसले, "साहेब, चोर मोठा देवभोळा दिसतोय." मीही हसलो आणि तो मुद्दा तिथेच सोडून दिला. चोर म्हटला की रात्रीच येणार, या आमच्या खात्याच्या जुन्या श्रद्धेने पहारा बसवला. डासांखेरीज हाती काही लागलं नाही.

मग वस्तीतल्या म्हाताऱ्या आबांना ठाण्यात आणलं. त्यांच्या धाब्यावरची माती ताजी होती. खूप दरडावलं. म्हातारा मान खाली घालून एकच बोले, "साहेब, माती मीच लिधी. दुसरं कोनी नई."

असा झटपट कबुलीजबाब मला कधीच आवडला नाही. गुन्हेगार आधी नाकारतो, मग रडतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. हा तर कुणाचं तरी नाव पोटात ठेवून बसला होता. पण जबाब लिहून घेतला असता तर गुन्हा शाबीत झाला असता आणि सगळी वस्ती पुन्हा चिंचांखाली गेली असती. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हाताऱ्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

खबर दिली ती एका कुंभाराने. ठाण्यात माठ पोचवायला आला आणि जाता जाता म्हणाला, "रातले काय बसतस साहेब? भर दुपारले जाई दखा."

भर दुपारी वैशाखात आमच्याकडे कुत्रंही सावली सोडत नाही. मी टेकाडाजवळच्या निंबाखाली बसलो. थोड्या वेळाने डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्क बाई आली. तिने टेकाडाला हळद-कुंकू वाहिलं, पहिली पाटी स्वतः भरली आणि वस्तीतल्या बायकांच्या डोक्यावर एकेक पाटी चढवू लागली. मी तिला ओळखलं. ती नानांची थोरली बहीण, अक्का. विधवा झाल्यापासून भावाच्याच आश्रयाला होती.

ठाण्यात परतून आबांना म्हणालो, "अक्कांना पाहिलं मी. त्यांचं नाव का नाही सांगितलं?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "अक्का भाऊना घरमा ऱ्हास, साहेब. मी नाव लिधं तर ती कुठे जाई?"

स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावून तो दुसरीचं छप्पर राखत होता.

संध्याकाळी नानांच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, "नाना, चोरी झालेली नाही. माती घरातल्याच माणसाने दिली आहे. नाव मी सांगणार नाही, पण तक्रार मागे घ्या." नाना उसळले, "कोण आहे तो? आत्ता हाकलतो!"

दाराआडून अक्का बाहेर आल्या. "मी दिन्ही. धाबाले माती मांगी तर नई म्हनू नही, हाई आपली मायनंच शिकाडं ना? घरमातून काढनं व्हई तर काढ, नाना. वस्तीमा माले एक कोपरा भेटी. तठलं धाबं आपलाच मातीनं शे."

नाना ओसरीच्या कडेला बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आबाले सोडी द्या. आनि सांगा त्याले, उन्हमा नको, सकायले येत जा."

त्या तपासातून मी एक धडा घेतला. गेलेल्या वस्तूचा चोर शोधण्याआधी ती कुणाला कशासाठी हवी होती, हे विचारावं. पुढे हा प्रश्न मला फार उपयोगी पडला.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो. अक्का आणि आबा दोघेही तोवर गेलेले. नाना खूप थकले होते, काठी टेकत मला शेतात घेऊन गेले. टेकाड शोधलं तर जागा सपाट, वर ज्वारी डुलत होती.

"नाना, टेकाड कुठे गेलं?" मी विचारलं.

त्यांनी काठी उचलून शिवेपलीकडच्या वस्तीकडे दाखवली. धाब्यांवर बाया मिरच्या वाळत घालत होत्या.

"ते दखा साहेब," नाना हसून म्हणाले, "बठ्ठं टेकाड तठे गयं."