मुकुंदाच्या झाशीला, न वळणारी मान घेऊन

जळगाव स्टेशनावर गाडीची वाट पाहताना सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला नेहमीसारखं एका खांबाला पाठ लावून उभं केलं. गर्दीत मागून धक्का बसला की माझ्या मानेतून खांद्यापर्यंत कळ जाते, म्हणून ही व्यवस्था. आमच्या सामानात कपडे कमी आणि माझ्या मानेचा संसार जास्त असतो: गळपट्टा, गुंडाळी करायचा जाड टॉवेल, गरम पाण्याची पिशवी, मलमाच्या दोन ट्यूबा आणि पाणी प्यायच्या नळ्या. मला मान मागं टाकून पेला संपवता येत नाही, म्हणून नळ्या.

पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर आरेखक होतो. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून मानेनं तक्रार सुरू केली आणि निवृत्तीनंतर उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मानेच्या मणक्यांचं ऑपरेशन झालं. मुंग्या तशाच राहिल्या, दुखणं खांद्यावर उतरलं, आणि जी काही मान वळायची तीही वळेनाशी झाली. डॉक्टरांनी गुण येईलच असं वचन दिलं नव्हतं. तेव्हा त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार सुमनची होती आणि ती तिच्या धाकट्या भावावर होती. मुकुंदा झाशीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. ऑपरेशनला सुमन तयार नव्हती. आधी वर्षभर व्यायाम करून बघा, असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं. मला मात्र थांबायचं नव्हतं. हात लुळा पडेल या भीतीनं माझी झोप उडाली होती. तेव्हा मी तिला सांगितलं, की मुकुंदानं झाशीत मोठ्या डॉक्टरांकडे चौकशी केली आहे आणि तो म्हणतो, करून टाका. भावाचं नाव ऐकल्यावर ती तयार झाली. प्रत्यक्षात मुकुंदानं फोनवर मला तीन वेळा सांगितलं होतं, की जिजाजी, घाई नका करू.

ऑपरेशन फसल्यावर सुमननं त्याला फोनवर नको नको ते सुनावलं. तो एवढंच म्हणाला, ‘ताई, माफ कर.’ त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नालाही आम्ही गेलो नाही. इतकी वर्षं मी हे बघत बसलो. या श्रावणात मीच हट्टानं तिकिटं काढली. तिनं अट घातली: येईन, पण त्याला राखी बांध म्हणायचं नाही.

डब्यात शिरल्यावर सुमननं पहिलं काम केलं ते समोरची जागा मिळवण्याचं. माझ्या शेजारी कोणी बसलं तर त्याच्याशी बोलायला मला अख्खं अंग वळवावं लागतं. म्हणून घरी, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे ती माझ्या समोर बसते. इथं समोरच्या खिडकीत भुसावळचे एक गृहस्थ आधीच पसरले होते. ते मघापासून मला बाजूनं काहीतरी विचारत होते आणि मी वळून बघत नाही म्हणून रागावले होते. सुमननं त्यांना माझ्या मानेची हकिकत सांगितली. ते विरघळले, खिडकी सोडून दिली आणि आपल्या मेहुण्याच्या कमरेचं ऑपरेशन खांडव्यापर्यंत सांगत राहिले. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?’ असं त्यांनी शेवटी विचारलंच. हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘होता एक शहाणा,’ सुमन म्हणाली. मी टॉवेलची गुंडाळी मानेखाली सरकवली आणि डोळे मिटले.

सकाळी झाशीला उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. मुकुंदा फलाटावर बरोबर आमच्या डब्यासमोर उभा होता. केस सगळे पांढरे, हातात माझ्यासाठी छत्री. त्यानं आधी वाकून माझ्या पायांना हात लावला. तिकडे बहिणीच्या नवऱ्याचे पाय वयाचा विचार न करता धरतात, आणि मुकुंदानं हे कधीच उचललेलं आहे. मला खाली बघता येत नाही. त्यामुळे मुकुंदा माझ्या नजरेतून एकदम नाहीसा झाला, पावलांवर त्याची बोटं तेवढी जाणवली, आणि मग त्याचा चेहरा पुन्हा वर आला, हसत. सुमन बॅगा मोजत होती. ‘बरा आहेस ना,’ एवढं ती म्हणाली, तेही बॅगांकडे बघत.

ऑटोवाल्याला मुकुंदानं सांगून ठेवलं होतं की गाडी सावकाश न्यायची. प्रत्येक गतिरोधकाआधी तो ‘दद्दा, सँभर कें’ (आजोबा, सांभाळून) असं ओरडायचा आणि मी हनुवटी दोन्ही हातांत धरायचो. एका ठिकाणी तो ओरडला पण गतिरोधक नव्हताच. म्हणाला, पिछले हफ्ते तक था. दुखत असतानाही मला हसू आलं.

मुकुंदाचं घर सिपरी बाजारच्या मागच्या बाजूला आहे. त्याची बायको वृंदा गुरसरायकडच्या, पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकताना मला माझ्या आजीच्या पिढीत गेल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघराला ती अजून ‘मुदपाक’ म्हणते आणि त्याच वाक्यात ‘भैया, गॅस चेक कर लेना’ असंही म्हणते. आल्या आल्या तिनं मला उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं आणि चहा पसरट बशीत ओतून दिला. कप उंचावावा लागू नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं होतं? मी विचारलं तर म्हणाली, यांनी सांगितलं, ऑपरेशन झालं तेव्हापासून घरात दोन मोठ्या बशा तुमच्यासाठी आणून ठेवल्यात. सुमननं हे ऐकलं. बशीकडे बघत राहिली.

जेवणात महेरी (ताकात शिजवलेली ज्वारी) होती आणि बरे (ताकात मुरवलेले उडदाचे वडे). मऊ, गार, थोडं आंबट. चावताना जबडा हलला की माझी मान दुखते, त्यामुळे असं जेवण मला मेजवानीच. त्या दिवशी पौर्णिमा होती. शेजारच्या घरांतून बहिणी ताटं घेऊन येत-जात होत्या. मुकुंदाचं मनगट मोकळं होतं आणि तो ते बाहीत लपवून वाढत होता.

दुपारनंतर पाऊस थांबला तेव्हा तो मला किल्ल्याकडे घेऊन गेला. सुमन दमले म्हणून घरीच राहिली. वर चढणं माझ्यानं होणार नव्हतं. आम्ही खालच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी थांबलो. अडचण अशी, की किल्ला उंचावर आणि माझी नजर सरळ. मला दिसत होता तो फक्त भिंतीचा पाया, ओलं गवत आणि दोन बकऱ्या. मी तसं म्हटल्यावर मुकुंदानं टपरीवाल्याकडून हातांची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, मला तीत बसवलं, माझ्या मानेमागं आपल्या पंच्याची घडी ठेवली आणि मागं उभं राहून खुर्ची हळूहळू आपल्याकडे कलती केली. पुढचे दोन पाय उचलले गेले.

‘रेला मागं, जिजाजी. मी धरलंय.’

मी घाबरून खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते सोडले. भिंत वर वर सरकू लागली, मग बुरूज आला, मग धुतलेलं आभाळ. माझं सगळं वजन त्याच्या दोन हातांवर होतं आणि वरून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याचंही वय काही कमी नाही.

‘मुकुंदा, ते ऑपरेशनचं,’ मी सुरुवात केली.

‘झेंडा दिसतोय का?’ तो म्हणाला. ‘थोडं आणखी कलतं करू?’

झेंडा दिसत होता. मी तसं सांगितलं आणि पुढचं बोलणं राहून गेलं. टपरीवाला म्हणाला, साहेब, असं किल्ला बघणारे तुम्ही पहिलेच. मुकुंदानं त्याला उत्तर दिलं, की हमारे जिजाजी नवाब हैं, किला खुद झुककर आता है.

दुसऱ्या दिवशी कजलियाँ होत्या. बुंदेलखंडातला हा सण आपल्याकडे माहीत नाही. पानांच्या द्रोणांत माती घालून गहू पेरतात, अंधारात वाढवतात, म्हणून कोंब हळदीसारखे पिवळे येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका द्रोण डोक्यावर घेऊन तळ्यावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि ते कोंब, म्हणजेच कजलियाँ, घेऊन परततात. मग सगळं गाव एकमेकांच्या कानामागं ते खोचत, पाया पडत, गळाभेट घेत फिरतं. वर्षभरातली भांडणं त्या दिवशी मिटवायची असतात. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दाराशी मुद्दाम जायचं.

वृंदाबरोबर सुमनही तळ्यावर गेली. परतली तेव्हा दोघींच्या साड्यांचे काठ चिखलानं भरले होते आणि सुमनचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. शेजारीपाजारी येत होते. मला वाकता येत नाही असं कळल्यावर लोक समोर येऊन, गुडघे जरा मोडून, माझ्या उंचीला येऊन कानामागं कोंब खोचत. दोन्ही कान भरले, तेव्हा एका आजीबाईंनी राहिलेले गळपट्ट्यात खोचले. मी आरशात पाहिलं. कुंडीसारखा दिसत होतो.

गर्दी ओसरल्यावर वृंदानं एक जुडी सुमनच्या हातात ठेवली. म्हणाली, ‘ताई, यांना अजून कुणी दिल्या नाहीत. तुमच्यासाठी थांबलेत.’

मुकुंदा दारात उभा होता. सुमन उठली, त्याच्यासमोर गेली आणि थांबली. जुडी हातातच राहिली.

‘मला जमत नाही रे,’ ती म्हणाली. ‘रोज सकाळी यांना अंथरुणातून उठवताना मी बघते. उशीवरून डोकं उचलायला दोन हात लागतात. तेव्हा रोज मला तू आठवतोस. तू नीट विचारून सांगितलं असतंस तर...’

मुकुंदानं मान खाली घातली. मला ते दृश्य नीट दिसत होतं, कारण ते अगदी माझ्या समोर होतं. वळून टाळता येण्यासारखं नव्हतं.

‘सुमन, त्यानं नको म्हणून सांगितलं होतं,’ मी म्हणालो. ‘तीनदा. तू हो म्हणावंस म्हणून मी त्याचं नाव घेतलं. ऑपरेशन माझ्या मनानं झालंय.’

ती माझ्याकडे वळलीच नाही. भावालाच विचारलं, ‘खरं?’

मुकुंदानं माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगी मागितली, आणि मग हलकेच मान डोलावली.

‘मग मी एवढं बोलले तेव्हा तोंडात काय होतं तुझ्या?’

‘जिजाजींनी सांगितलेलं मी कसं खोडणार, ताई? इथं बहनोई की बात नहीं काटते.’

‘अरे, आमच्याकडे गप्प बसला की कबूल केलं समजतात,’ सुमन म्हणाली. ‘एवढा झाशीवाला झालास?’ तिनं जुडी त्याच्या कानामागं खोचली, नीट बसेना म्हणून पुन्हा काढून खोचली, आणि तसाच त्याचा कान धरून उभी राहिली. वृंदा आत गेली आणि राखी घेऊन आली. तिनं ती आधीच आणून ठेवली होती. इकडे जन्माष्टमीपर्यंत चालतं, म्हणाली.

माझ्याशी मात्र सुमन त्या दिवशी बोलली नाही. गरम पाण्याची पिशवी वेळेवर आली, ती वृंदाच्या हातून.

परतीची गाडी सकाळची होती. मुकुंदानं पुन्हा पाय धरले. मी त्याला म्हटलं, अरे, आता तरी राहू दे. तो म्हणाला, आता तर जास्तच. खिडकीतून वृंदानं एक बशी कागदात गुंडाळून आत दिली.

समोरची जागा रिकामी होती. सुमन माझ्या शेजारी बसली. ललितपूर गेलं, बीना गेलं, भोपाळ गेलं. मला समोरचा रिकामा बाक दिसत होता आणि डोळ्यांच्या कडेला तिच्या बांगड्या. अंग वळवून बघावं असं अनेकदा वाटलं. त्यानं कळ आली असती याची पर्वा नव्हती. पण जे तिनं मुद्दाम दाखवायचं नाही ठरवलं होतं, ते बघायचा मला हक्क वाटेना. ती काय विचार करत होती? भाचीचं लग्न, की भावाला दोष देत काढलेल्या त्या सगळ्या सकाळी?

इटारसीला चहा आला. कागदी पेल्यातला अर्धा मी प्यायलो, उरलेला हातात धरून बसलो. थोड्या वेळानं पेला माझ्या हातातून काढून घेतला गेला. कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग सुमन उठली, समोरच्या बाकावर जाऊन बसली आणि बशीत चहा ओतून तिनं माझ्यापुढं धरला. तिचे डोळे सुजलेले होते.

‘माझ्याशी खोटं बोललात, ते मी विसरणार नाही,’ ती म्हणाली. ‘प्या. गार होतोय.’

मान आहे तशीच आहे. पावसाळी हवेत जास्त दुखते, टॉवेलची गुंडाळी रोज लागते, आणि हे असंच चालणार हे मी धरून चाललो आहे. ओळखीचे लोक अजून विचारतात, ऑपरेशन करायला कुणी सांगितलं होतं? आता मी सांगतो, कुणी नाही, मीच करून घेतलं, मेहुणा तर नको म्हणत होता. सुमन भाजी निवडत असते. मध्ये बोलत नाही. पण समोर बसलेली असते.