भाऊंच्या कोपरावरचं ठिगळ

रफूवाल्याला स्वतःबद्दल दोन गोष्टींची खात्री होती. आपलं रफू कुणाला सापडत नाही आणि आपल्याला कुणी फसवू शकत नाही. पहिली गोष्ट चाळीस वर्षं खरी ठरली होती, तेव्हा दुसरीही खरी असणारच, असं त्याचं म्हणणं. बायको म्हणायची, "दुसरीबद्दल लोकांना माझ्याकडे पाठवत जा."

निवडणूक आली तेव्हा धान्यबाजारामागची त्याच्या दुकानाची ओळ रस्त्यासाठी पाडायचं ठरलं होतं. कष्टकऱ्यांचा माणूस म्हणून उभे राहिलेले उमेदवार, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, एका सकाळी स्वतः दुकानाशी थांबले. "काका, उद्या बाजारात सभा आहे. तुमच्या दुकानांचा विषय मांडतो. आमचं तेवढं एक काम करा." काम म्हणजे एक कोरा सदरा. त्याची घडीही मोडली नव्हती. तो कोपरावर फाडून तिथं ठिगळ लावायचं होतं.

काका म्हटल्याबरोबर रफूवाला हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्यानं कोपर फाडलं आणि हाताच्या सवयीनं त्याच कापडाचे धागे काढून असं भरलं, की दुपारी सदरा न्यायला आलेला भाऊंचा सचिव बाही उलटीपालटी करत राहिला.

"काका, ठिगळ कुठाय?"

"इथंच तर आहे," रफूवाला ऐटीत म्हणाला.

"अहो, भाऊंना गरीब दिसायचंय. तुम्ही त्यांना पुन्हा श्रीमंत केलंत."

रफूवाल्यानं पुन्हा फाडलं, या खेपेला खरंच ठिगळ लावलं. तेही इतकं बेमालूम, की सचिवानं कपाळाला हात लावला. शेवटी मागच्या खोलीत भाजी निवडत बसलेली बायको उठून आली. "सरका. हे चांगल्या कारागिराचं काम नाही." पायपुसण्याचा तुकडा, काळा दोरा, पाच मिनिटं. रफूवाल्याला बघवेना. सचिव मात्र खूश.

दुसऱ्या दिवशी सभेला हमाल, ट्रॅक्टरवाले, वीटभट्टीवरची माणसं, सगळी लोटली. रफूवाला पहिल्या रांगेत. विषय आपलाच ना. भाऊंनी हात वर करून कोपर दाखवलं. "हे ठिगळ माझ्या म्हाताऱ्या आईनं लावलंय. तिला सुईत दोरा ओवता येत नाही. पण लेकाचं कोपर उघडं पडू नये म्हणून..." भाऊंनी डोळे पुसले. रफूवाल्यानंही पुसले. पायपुसणं कुठल्या दारातलं आणि दोरा कुठल्या डब्यातला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी डोळे थांबेनात. बिचारी म्हातारी, असंही मनात येऊन गेलं. टाळ्या थांबेपर्यंत भाऊ गाडीत बसले होते.

दुकानात परतल्यावर बायकोनं विचारलं, "दुकानाचं काय म्हणाले?"

"ते राहिलं."

"राहिलं? पुढंच बसला होतात ना? हात वर करून विचारायचं."

"हात मोकळे नव्हते."

"का, काय धरलं होतंत?"

"टाळ्या वाजवत होतो."

बायकोनं स्टूल ओढलं आणि दुकान रिकामं करायला भिंतीवरच्या फळीवरून दोऱ्याची रिळं उतरवायला घेतली. तो खाली उभा राहून एकेक झेलू लागला. दोन पडली.