एस्तेरच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

फिलोमिनाबाईंना याकोब सर ओळखत होते असं म्हणणं धाडसाचं होईल. राहुरीत बाईंचा फोटो स्टुडिओ होता, दोघांचं चर्च एक होतं आणि पासपोर्टचा फोटो काढताना बाईंनी त्यांना कधीतरी 'हनुवटी जरा खाली' म्हटलं होतं. एवढाच परिचय. नोव्हेंबर लागताच त्या अचानक वारल्या, तेव्हा त्यांना मुलं किती हेसुद्धा सरांना सांगता आलं नसतं. एक गोष्ट मात्र त्यांना पक्की ठाऊक होती.

सरांकडे वारलेल्या बायकोचा, एस्तेरचा, तरुणपणीचा एकच फोटो उरला होता. ओल लागून त्यावर बुरशीचे डाग पडले होते. तो साफ करून फरशीवर छापून घ्यायचा आणि दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी कबरीवर बसवायचा, असं त्यांच्या मनात होतं.

बाईंचं नेमकं तेव्हाच बिनसलं होतं. त्यांचं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दर महिन्याला भाडं मागायचं. लग्नसराई सरली की धंदा बसे, भाडं मात्र बसत नसे. एक महिना चुकला आणि ते उघडेनाच.

"आपल्याच दुकानाची चावी दर महिन्याला दुसऱ्याकडून मागायची? मला न्हाई जमायचं," बाई म्हणाल्या.

एकदाच विकत घेता येईल, नेट गेलं तरी चालेल आणि साठीतल्या बाईला झेपेल, असं काहीतरी त्या शोधू लागल्या. दोन-चार सॉफ्टवेअरं त्यांनी वापरून बघायला उतरवून घेतली. जाहिरातीतल्या गोऱ्यापान चेहऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येकाची परीक्षा त्या एस्तेरच्याच फोटोवर घेणार होत्या.

पहिल्याचं तोंड कुठं नि शेपूट कुठं तेच त्यांना कळेना. दुसरं मात्र सोपं निघालं आणि स्वस्तही. एक बटण दाबलं की सगळे डाग गायब. बाईंनी खुशीत सरांना बोलावून घेतलं. स्क्रीनवर एस्तेरचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता. छान आहे, म्हणत सरांनी पिशवी उचलली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "छान म्हणताना तुमी दाराकडं बघत हुता."

मग सरांनी ओशाळत सांगितलं. एस्तेरच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, तेही डागांबरोबर पुसले गेले होते. लहानपणी आजीनं घोडेगावच्या बाजारात गोंदवून घेतले होते आणि रडू नये म्हणून भेळ दिली होती. त्या भेळेची चव एस्तेर म्हातारपणीही सांगायची.

दुसरं कुणी असतं तर चूक मशीनवर ढकलून मोकळं झालं असतं.

"मशीनचं काय घेऊन बसलात, मलाबी ती बुरशीच वाटली," बाई म्हणाल्या आणि ते सोपं सॉफ्टवेअर त्यांनी सरांसमोरच काढून टाकलं.

शेवटी घेतलं ते जरा महाग होतं, पण कायमचं त्यांचं होतं. बटणं मोठी, आणि कुठला डाग पुसायचा, कुठला ठेवायचा, हे त्यात माणसाच्या हातात राहायचं. चष्मा नाकावर ओढून बाईंनी एकेक डाग पुसला. हनुवटीपाशी आल्यावर त्यांनी सरांना शेजारी बसवून घेतलं आणि दर ठिपक्याला विचारत पुढं गेल्या.

फरशी तयार झाली. तिन्ही ठिपके जागच्या जागी होते. एस्तेर आता काहीतरी बोलेल, अशी दिसत होती. आभाराचं एक वाक्य सर घरापासून पाठ करत आले होते, ते ऐनवेळी निघेना. रविवारी चर्चमध्ये नीट बोलू, असं त्यांनी ठरवलं. तो रविवार बाईंच्या वाट्याला यायचा नव्हता.

बाईंनी फरशी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "सिमेंट वाळेस्तोवर हात लावू नका, सर."

"बरं," सर म्हणाले.