नळाचं स्थळ

आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सिग्नलच्या दांड्याला लोंबकळत होते. पाय जमिनीला टेकत नव्हते, पदर कमरेला खोचलेला होता आणि केसांतली वेणी (कागदाची, खऱ्या फुलांना पाणी कुठलं?) एका कानावर आली होती. ठरलं होतं वेगळंच. मी मान खाली घालून चहाचा ट्रे घेऊन आतून येणार होते.

गोष्ट लातूर जिल्हा झालं त्या सुमाराची. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. लातूरहून निघणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळावर आमचं स्टेशन होतं. स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन क्वार्टर आणि लाकडी जिन्यावरची काचेची एक केबिन. केबिनमध्ये लोखंडी दांडे रांगेनं उभे. दांडा ओढला की त्याला बांधलेली तार रुळाकडेनं ताणली जायची आणि पार बाभळीपलीकडं सिग्नलचा आडवा हात खाली पडायचा. हात आडवा म्हणजे थांब, पडला म्हणजे ये. हे दांडे ओढायचं काम माझ्या आप्पांचं. बोलायला गरीब माणूस, पण सिग्नलच्या बाबतीत मोठा करारी. एकदा स्टेशनमास्तरांच्या मेव्हण्याला पळत येताना बघूनही त्यांनी गाडीचा सिग्नल मागं घेतला नव्हता. मेव्हणा राहिला फलाटावर, आणि मास्तर महिनाभर आप्पांशी बोलले नाहीत.

घरात मात्र सिग्नल अव्वाच्या हातात होता. अव्वा म्हणजे माझी आई. आम्हा लिंगायतांत आईला अव्वाच म्हणतात, आणि आमच्या अव्वाला तर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तर त्या उन्हाळ्यात मला स्थळ आलं. मुलगा लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, आई आहे, वडील नाहीत, शेती थोडी अहमदपूरकडं. हे सगळं मध्यस्थानं सांगितलं, पण अव्वानं ऐकलं ते एकच. घरात नळ आहे. स्वतःचा, अंगणात, तोटीसकट. आमची विहीर होळीलाच आटली होती, टँकर आठ-आठ दिवस तोंड दाखवत नव्हता, त्यामुळं "नळ हाय" हे शब्द अव्वा सोनं असल्यासारखे उच्चारायची. पोरगा दिसायला कसा, पगार किती, कुणी विचारलंच नाही. मलाही सगळ्या मैत्रिणी नळावरूनच चिडवायच्या, आणि मीही हो ला हो करायची. (फोटो आला होता. तो मी ट्रंकेच्या तळच्या कागदाखाली ठेवला होता आणि दुपारी सगळे झोपले की काढून बघायची. मला तो माणूस फार आवडला होता. पण हे सांगायची सोय आमच्याकडं नव्हती, नळाचं बरं होतं.) याआधी दोन स्थळांनी मला उंच म्हणून नाकारलं होतं. हे तिसरंही गेलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

आता पाहुणे येणार म्हणजे चहा पाहिजे, पाय धुवायला पाणी पाहिजे, आणि पाणी होतं फक्त इंजिनात. ही आमच्याकडची रीतच होती. दुपारची गाडी फलाटावर थांबली की क्वार्टरमधल्या बायका घागरी घेऊन इंजिनाकडं पळायच्या. करीमचाचा नावाचा ड्रायव्हर होता, तो बदल्यात भाकरी-ठेचा घेऊन थोडं थोडं गरम पाणी सोडायचा. त्याला कोळशाचा आणि तेलाचा वास असायचा, पण दुष्काळात वासाकडं कोण बघतं?

पंचाईत अशी की पाहुणे त्याच गाडीनं येणार होते. नळवाल्या लोकांनी गाडीतून उतरावं आणि होणारी व्याहीण इंजिनापुढं घागर धरून उभी दिसावी? अव्वाच्या इज्जतीला हे पटेना. तिनं आप्पांना सांगून पाहिलं की गाडी जरा बाभळीपलीकडच्या सिग्नललाच उभी करा, मी तिकडंच पाणी घेऊन मागच्या वाटेनं येते. आप्पांनी विभूती लावता लावता आरशातूनच उत्तर दिलं.

"शिंगल खोटं बोलत न्हाई."

अव्वा गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मला भीती वाटायला पाहिजे होती.

उन्हाळ्यात भर दुपारी ती लांबलचक तार तापून ढिली पडायची. मग दांडा ओढला तरी सिग्नलचा हात पुरता पडायचा नाही, धड वर ना धड खाली, नमस्कार करावा की नाही अशा विचारात पडलेल्या माणसासारखा अर्धवट लोंबायचा. असा अर्धवट सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, हा नियम. म्हणून गाडीच्या आधी आप्पा एक मोठा पाना घेऊन तार ताणून घ्यायचे. कित्येक वर्षांची सवय. त्या दिवशी पाना जागेवर नव्हता. अव्वानं तो लपवला होता. सिग्नलला खोटं बोलायला लावायचं नव्हतं ना, मग ऊन खरं बोललं तर कुणाची चूक?

पुढचं सगळं तिच्या हिशेबाप्रमाणं झालं. हात अर्धवट लोंबला, गाडी बाभळीपाशी थांबली, आणि अव्वा घागरी घेऊन मागच्या वाटेनं पळाली. सोबत तिनं आमच्या किसन पोर्टरला दोन बादल्या देऊन नेलं. फक्त एका गोष्टीचा तिनं विचार केला नव्हता. गाडी थांबवायला पाना लपवणं पुरतं, पण ती परत चालू करायला पाना लागतो.

आप्पा दांडा ओढून ओढून बेजार झाले. सिग्नल नीट पडत नसेल तर माणूस पाठवून, झेंडी दाखवून गाडी आत आणता येते, पण पाठवायचा माणूस म्हणजे किसन, आणि किसन बादल्या घेऊन गाडीपाशीच उभा होता, झेंडीशिवाय. मास्तर खालून ओरडत होते. तिकडं गाडीची शिट्टी थांबेना. मी क्वार्टरच्या दारात नवं लुगडं नेसून बसले होते. माझे पाहुणे त्या उन्हात डब्यात भाजून निघत होते, आणि तापलेला पाहुणा मुलगी पसंत करत नाही एवढं मला कळत होतं. मी जिना चढून वर गेले, पदर खोचला आणि आप्पांच्या शेजारून दांड्याला लटकले. लहानपणापासून केबिनमध्ये वाढलेली पोर मी, तार ढिली असली की जास्त वजन टाकायचं हे मला ठाऊक होतं. पण दांडा हटेना. मी दोन्ही पाय चौकटीला लावून मागं झुकले. वेणी कानावर आली ती तेव्हाच.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रुळारुळानं चालत एक माणूस गाडी का थांबली ते विचारायला आला होता. घामानं डबडबलेला, इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटलेला. मी मान वळवून बघितलं. ट्रंकेतला फोटो होता तो.

त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं, चपला काढल्या (केबिनमध्ये! काय संस्कार!) आणि माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला,

"ताई, जरा सरका."

मी सरकले. होणाऱ्या नवऱ्याची आयुष्यातली पहिली हाक, ती ही. तिघांनी मिळून हिसका दिला, दांडा धाडकन मागं आला आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो. पण बाभळीपलीकडचा हात पडला होता. गाडी शिट्टी देऊन निघाली. त्यानं चपला घातल्या, आप्पांना विचारलं, "केबिनवाल्या महादप्पांचं घर कुठं?" आप्पांनी बोटानं दाखवलं. मीच महादप्पा हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही. मी तर दांड्यामागं तोंड लपवून बसले होते.

तासाभरानं आमच्या खोलीत सतरंजीवर मुलगा, त्याची आई आणि मामा बसले. (मामा गाडीत झोपले होते, त्यांना गाडी थांबल्याचंही माहीत नव्हतं. सुखी माणूस.) आप्पा कोपऱ्यात बसले, आणि मुलानं त्यांना ओळखल्यावर दोघांनीही पुन्हा एकमेकांकडं बघितलं नाही. अव्वा मात्र पाहुणीला दारात बघून भिंतीसारखी पांढरी पडली, आणि पाहुणीही उंबऱ्यातच अडखळली. मग दोघींनी एकदम पदर सावरून "शरणार्थ" म्हणत नमस्कार केला, कधीच भेट झाली नसल्यासारखा. मला काही कळेना.

मी ट्रे घेऊन आले. मान इतकी खाली घातली होती की मला फक्त त्याच्या पायांची बोटं दिसत होती. तरी त्याचा हात कपाकडं येता येता हवेतच थांबला, म्हणजे त्यानं ओळखलं. मामांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. मुलाची आई काहीच बोलली नाही. तिनं चहाचा घोट घेतला, तोंडात थोडा फिरवला, आणि कपाकडं बघत म्हणाली,

"पाणी ओळखीचं लागतंय."

 मामांना कसलीच फिकीर नव्हती, त्यांनी अजून थोडा चिवडा मागितला. चिवडा हा बेत अव्वानं मुद्दाम केला होता, कारण पोहे भिजवायला पाणी लागतं. मी डबाच घेऊन आले आणि मामांच्या ताटलीवर तिरपा केला. चिवडा अडकला होता. मी जरा झटका दिला. शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, आणि त्यामागून आप्पांचा पाना, असं सगळं मामांच्या ताटलीत पडलं. ताटली फुटली.

आप्पांचे दात गेले होते, ते चिवडा खात नसत. म्हणून लपवायला ही जागा.

आप्पा उठले, पाना उचलला, धोतराला पुसला, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच अव्वाकडं अर्धवट पडलेल्या सिग्नलसारखं न बघता सरळ बघितलं. अव्वाला रडू फुटलं. मग रडत रडत तिनं सगळं ओतलं. पाना, पाणी, इज्जत, आणि त्यापुढचं, जे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाभळीपाशी ती पोचली तेव्हा गाडीतून उतरलेली एक बाई आधीच इंजिनापाशी डबा धरून उभी होती. अव्वा तिला म्हणाली, हे पाणी आमचं. ती म्हणाली, मी तिकीट काढलंय. शब्दानं शब्द वाढला, दोघींच्या मध्ये करीमचाचा हात जोडत होता, आणि शेवटी अव्वा त्या बाईला म्हणाली होती, देवा, असली सासू कुणाच्या लेकीला देऊ नको.

माझं स्थळ गेलं हे मला तिथंच कळलं. मी चिवड्याचा डबा घट्ट धरून उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. (दुष्काळात तेवढंच फुकट मिळत होतं.)

पाहुणीनं कप खाली ठेवला. शेजारचं गाठोडं पुढं ओढून सोडलं. आम्हाला वाटलं साडीचोळी असेल. आत पाण्यानं अर्धा भरलेला डालड्याचा डबा होता.

"आमचा नळ दोन महिन्यांपासून कोरडा हाय," ती म्हणाली. "फू फू हवा येती नुसती. मध्यस्थानं सांगितलं, पोरगी रेल्वेवाल्याची हाय, त्यान्ला इंजिनाचं पाणी असतं. म्हणून आले बघायला. खोटं कशाला बोलू?"

अव्वा रडायची थांबली.  मामांनी एकट्यानंच हसायला सुरुवात केली आणि मग कुणालाच आवरेना. हसता हसता पाहुणी अव्वाला म्हणाली, "सासू कशी निघंल ते शंभू महादेवाला ठावं. पर मला व्याहीण ओळखीची मिळाली." मग तिनं मुलाला विचारलं, तुला काय विचारायचंय का. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, मी त्यांना चुकून ताई म्हटलोय, ते मागं घेता येईल का? आप्पा म्हणाले, गाडी गेली न्हाई तवर शिंगल मागं घेता येतं.

लग्न झालं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला माहेरी पाठवलं, दोन रिकाम्या घागरी घेऊन, त्याच गाडीनं. लेक रुसून आली की काय म्हणून अव्वा घाबरली. मी घागरी पुढं केल्या आणि करीमचाचाकडं गेले. नळ बघून दिलेली मुलगी मी, इंजिनाच्या रांगेत परत उभी.

आता लातुरात आमच्या घराला तीन नळ आहेत, आणि उन्हाळ्यात तिघांनाही फू फू हवाच येते. मग आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतात, "जरा लोंबकळून बघ की."

आणि खरं सांगते, आजूबाजूला कुणी नसलं तर मी तोटी दोन्ही हातांनी धरून बघते.