ताईचा पांगारा वाळलेला नव्हता

माझ्या बहिणीच्या फोटोखाली 'वृक्षप्रेमी' लिहू नका.

कॉलनीच्या गेटवर आज सकाळी लागलेला फ्लेक्स मी उतरवलाय. गुंडाळून, ज्यांनी लावला त्या शेजारच्या देवरे भाऊसाहेबांच्या ओट्यावर ठेवलाय.

कोणाला राग आला असेल तर येऊ दे.

सुजाताताई काल दुपारी गेली. कॅन्सर होता, सगळ्यांना माहीत होतं.

घोटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नाशिकहून रोज अप-डाऊन. लग्न केलं नाही. पंचवटीकडच्या या कॉलनीत स्वतःच्या पगारावर रो-हाऊस घेतलं. घरात फर्निचर यायच्या आधी अंगणात दोन झाडं आली.

पांगाऱ्याची फांदी तिने घोटीजवळच्या एका बांधावरून आणली. एसटीत, मांडीवर आडवी धरून.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, याचं हाफ तिकीट लागेल."

"द्या की. पण मग त्याला खिडकीची सीट पाहिजे."

अशी होती ती.

दुसरा कांचन. नर्सरीतून आणला तेव्हा गुडघ्याएवढा होता.

थंडी ओसरली की दोन्ही झाडं पानं टाकायची. पार खराटा व्हायची. आणि मग महाशिवरात्रीच्या आसपास पांगारा लालभडक, कांचन गुलाबी. मैना, बुलबुल, शिंजीर, नुसता कलकलाट. अख्ख्या कॉलनीचे सेल्फी तिच्या गेटसमोर.

देवरेंचेही.

मग देवरेंनी मोठी गाडी घेतली.

"ताई, पाकळ्या चिकटतात हो बॉनेटला."

"ताई, पक्षी फार घाण करतात."

ताई सकाळी शाळेत जायच्या आधी फडकं घेऊन त्यांचं बॉनेट पुसायची. हो, स्वतः. मी चिडायचो. ती म्हणायची, "झाड माझं आहे ना? मग पसाराही माझाच."

गेल्या वर्षी केमो सुरू झाली तेव्हा मी तिला ओझरला माझ्याकडे आणलं. जाताना तिने गेटची किल्ली देवरेंकडे दिली.

झाडांना पाणी घालायला.

हे नीट वाचा. पाणी घालायला.

दोन डोस झाले आणि ती म्हणाली, "मला एकदा घरी ने. पांगारा फुलायला आला असेल."

मी नेलं. रिक्षातून उतरली, आणि गेटला धरून उभीच राहिली.

अंगणात दोन बुंधे. फांद्यांचा ढीग रस्त्याच्या कडेला. आणि जिथे सावली पडायची तिथे देवरेंची गाडी, चकाचक.

भाऊसाहेब लगेच बाहेर आले. "ताई, वाळलं होतं हो झाड. एक पान नव्हतं. वादळात पडलं असतं कोणाच्या अंगावर."

ताई म्हणाली, "भाऊसाहेब, पांगारा पानं टाकूनच फुलतो. दरवर्षी बघता तुम्ही. कळ्या नव्हत्या का दिसल्या?"

"आम्हाला काय कळतं त्यातलं?"

तेवढ्यात देवरे वहिनी बोलून गेल्या, "आम्हाला वाटलं, तुम्ही आता काही परत येत नाही."



ताईने डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. म्हणाली, "मीपण वाळलेलीच दिसते ना, वहिनी?"

मी त्यांच्या अंगावर जाणार होतो. तिने माझा दंड धरला. तिच्या हातात जोर नव्हता, पण मी थांबलो.

"भांडण नंतर कर. आधी त्या फांद्या आण."

आम्ही फांद्या बादलीत ठेवल्या, हॉलमध्ये. कांचनच्या कळ्या बहुतेक गळून गेल्या. पांगाऱ्याच्या मात्र उमलल्या. लाल, पण जरा फिक्या. मला वाटलं, हिला बरं वाटेल.

म्हटलं, "बघ, फुललाच शेवटी."

ती म्हणाली, "लोक म्हणतात फुलं बघून बरं वाटतं. मला रागच येतोय रे."

देवरेंनी चार लोकांसमोर कबूल केलं होतं, पावसाळ्यात नवीन झाडं लावून देतो. पावसाळ्यात, ताई परत स्वतःच्या घरी राहायला आल्यावर, दोन कुंड्या आल्या. शोभेचे पाम.

"याची पानं गळत नाहीत ताई, कचरा नाही काही नाही."

ताईने त्या त्याच पावली परत पाठवल्या. त्यानंतर ती देवरेंशी एक शब्द बोलली नाही. दिवाळीचा फराळ आला, तोही परत गेला.

पांगाऱ्याच्या बुंध्याला धुमारे फुटले होते. ती काठी टेकत जाऊन त्यांना पाणी घालायची. पण यंदा फूल धरण्याइतके ते मोठे नव्हते. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

हे सगळं आज का लिहितोय?

कारण सकाळपासून ऐकतोय, "ताई किती शांत होत्या. कधी कोणाबद्दल मनात काही ठेवलं नाही."

खोटं आहे. ठेवलं होतं.

परवा हॉस्पिटलमध्ये मावशी तिच्या उशाशी बसून समजावत होती, "सुजाता, सोडून दे गं आता. त्यांना माफ कर. मन मोकळं करून जा."

ताईने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, तरी प्रत्येक शब्द कळला.

"मावशी, सगळंच तर सोडून चाललेय. हे एवढं राहू दे माझ्याजवळ."

राहू दे, ताई.

तुझं आहे ते.

जयभीम.