उस्तादाची काडी

मानेसरच्या एका कारखान्यात मी कामगारांना डोळ्यांची काळजी शिकवायला जायचे. ग्राइंडिंगवाल्या सगळ्यांचे गॉगल कायम कपाळावर. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की ते एका वयस्कर कामगाराकडे धावायचे. तो आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून कण अलगद काढायचा. असा उस्ताद हाताशी असताना गॉगल कोण लावतो? माझी पोस्टरं, माझी भाषणं, सगळं वाया!

एके दिवशी माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या विभागातला रोज वापरलेला जुना गॉगल मी उस्तादाच्या हातात कोंबला. "काँच पर उंगली फेरिए." त्याने बोट फिरवलं. काचेवर कण आपटून पडलेले बारीक खड्डेच खड्डे होते.

"ये सब आँख में जाते?"

"हाँ, गॉगल न हो तो सब," मी म्हणाले.

त्याच दिवशी त्याने सगळ्यांना बजावलं, गॉगल न लावणाऱ्याच्या डोळ्याला मी हात लावणार नाही, सरळ डॉक्टरकडे जा.

परवा गेले तर एकूणएक गॉगल डोळ्यांवर! चहाच्या सुट्टीत उस्ताद म्हणाला, "मॅडम, आपने तो मेरी दुकान बंद करवा दी." आणि तसल्याच काडीने खुशाल कान कोरू लागला.

"कान में नहीं!" मी ओरडले, आणि अख्खा विभाग हसत सुटला.