व्हॅनचा मधला प्लग आणि धुळ्याचा रस्ता

रविवारी धुळ्याला जाऊन आलो आणि अजून पाय जमिनीला लागत नाहीयेत राव! लिहून टाकतो, नाहीतर फुटेन...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं, तेव्हापासून जळगावात घरची जुनी पेट्रोल व्हॅन भाड्याने चालवतो. ती एवढी पळालीय की मीटरने सगळे नऊ संपवून पुन्हा शून्यापासून मोजायला घेतलंय.

आणि आमच्या मेहरूण भागात, मागच्याच गल्लीत ती राहते. नाव लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे...

तिला धुळ्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली, रूमही मिळाली. सामान न्यायचं होतं. तिच्या आत्याचा मुलगा धुळ्यातच असतो, नवी कोरी कार, आणि मामाची पोरगी म्हणजे आपलीच असं धरून बसलेला. "मामा, मीच येतो न्यायला," म्हणाला. तर ही म्हणाली, "तुझ्या डिक्कीत माझी गादी मावेल का? व्हॅनच सांगा आबा." व्हॅन! म्हणजे मी!

आबा म्हणजे तिचे वडील. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, बोलणं अजून तिकडचंच. मला म्हणाले, "ए अर्ध्या इंजिनिअर, रस्त्यात बंद पडनी ना गाडी, तर भाच्याले बोलाइ लिसू. मग आमना दारशी दिसू नको."

आता खरी गोष्ट अशी की गाडी चढावर मिसिंग मारत होती, म्हणजे अडखळत झटके देत होती. स्पार्क प्लग बदलणं भाग होतं. जुने काढले तर कडेचे दोन छान बिस्किटी रंगाचे, आणि मधला काळाकुट्ट, तेलाने ओला. म्हणजे मधल्या सिलिंडरमध्ये ऑइल चढतंय, हे मला दिसलं होतं बरं का. दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही...

दुकानात गेलो आणि सगळ्यात भारी, इरिडियमचे प्लग मागितले. ती बसणार होती ना गाडीत! काउंटरवरचा शेठ हसला. "साधे घे, जरा गरम नंबरचे. तेल जाळून टाकतात. म्हातारीला कशाला लिपस्टिक लावतो?" झालं... माझं डोकं सटकलं. माझ्या गाडीला म्हातारी म्हणतो? भारीच घेतले, वर चार शब्द सुनावून आलो.

बसवले आणि गाडी लोण्यासारखी पळायला लागली. मी हवेत. रविवारी सकाळी गादी, बादल्या, शेगडी, पुस्तकं सगळं भरलं. ती मागे सामानात, आबा माझ्या शेजारी. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे आबा दर थोड्या वेळाने म्हणायचे, "भाऊ, खालून भाजी राह्यनं रे." मी आरशात बघत होतो. मागचा रस्ता नाही, मागची सीट...

पारोळ्याच्या पुढे गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. मग नुसतीच थरथरायला लागली आणि एका लिंबाखाली बंद पडली. आबांनी लगेच फोन काढला. "हां भाचा, बठा काम सोडीसन निंघानी तयारी कर..." म्हणजे सगळी कामं सोडून निघायची तयारी!

आबांना उठवलं, सीट उचलली, मधला प्लग काढला. तोच! नवा कोरा, आणि तेलाच्या काजळीने माखलेला. त्याचं टोक सुईसारखं नाजूक, तारेचा ब्रश घासायची सोय नाही. मग जुना मधला प्लग शोधला, तो तेवढाच पेपरमध्ये गुंडाळून सीटमागे टाकलेला, चांगले दोन घरीच. जाड टोकाचा, साधा. खसाखसा घासला, पेट्रोलने धुतला.

पण बसवायचा कसा? जागा खोल, बोटं पोचेनात. एरवी रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यात अडकवून हाताने फिरवतो, तो घरी राहिलेला. फोनवर भाचा, कपाळावर घाम, आणि माझा राग... पाना घातला आणि द्यायला लागलो जोर.

"थांब! आटे जातील!"

ती ओरडली. सामानातून उडी मारून खाली आली, शेगडीची गॅसची नळी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. "आधी हाताने लाव. तूच सांगतोस ना नेहमी."

नेहमी...

आबांनी फोन कानावरून खाली घेतला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नेहमी? कव्हय सांगस हाऊ तुले?" कधी सांगतो हा तुला, म्हणे!

ती लालबुंद. मी प्लगपेक्षा काळा. मग तीच म्हणाली, "आबा, नळीचं ते टोक धरा ना, लोंबतंय." आणि आबांनी खरंच धरलं! प्लग नळीच्या टोकाला चपखल बसला, अलगद फिरवला, आटे धरले. शेवटी पान्याने आवळला.

किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा घेतली! तिन्ही सिलिंडर!! मी एवढ्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचा ट्रकवाला हॉर्न मारून गेला.

फोनमधून अजून आवाज येत होता, "मामा, निघू का? निघू का?" आबा कितीतरी वेळ त्या नळीकडेच बघत होते. मग म्हणाले, "नको येऊ. गाडी चालू व्हयनी." आणि फोन ठेवला.

धुळ्यात सामान तिच्या रूमवर चढवलं, शेगडी जोडून दिली. येताना व्हॅनमध्ये मी आणि आबा दोघंच. जळगाव जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शनिवारले तिले सुट्टी शे. आपण जाऊत लेवाले." तिला आणायला आपण... आपण म्हणाले ते!

आता एक कळलंय. मी प्लग तिच्यासाठी निवडले होते, इंजिनसाठी नाही. काउंटरवरच्या शेठला आज सॉरी म्हणून आलो. हसला आणि चहा पाजला.

तर जुन्या व्हॅनवाल्यांनो, ऑइल चढणाऱ्या सिलिंडरला तुम्ही कोणत्या गरम नंबरचा साधा प्लग टाकता, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. मनापासून थँक्यू आत्ताच म्हणून ठेवतो. शनिवारी धुळ्याला जायचंय...